अकरा महिन्यांची लर्चर, रात्रीचा दिवा आणि हाती न लागणारा ससा

इंग्लंडमधल्या लिंकनशरमध्ये राहणाऱ्या एका मराठी गृहस्थांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांची लर्चर कुत्री 11 महिन्यांची असून ती ग्रेहाउंड आणि कोली यांच्या संकरातली आहे. जवळच्या एका शेतकऱ्याने सशांचा उपद्रव कमी व्हावा म्हणून त्यांना रात्री दिवा आणि कुत्री घेऊन शेतात येण्याची परवानगी दिली आहे. ऑक्टोबरात ते पाच रात्री गेले, कुत्री तिसेक वेळा सशामागे सोडली, पण एकही ससा हाती लागला नाही. शेवटच्या दोन रात्री ती धावताना भुंकू लागली आणि दिवा मालवल्यावरही परत न येता अंधारात वीस-वीस मिनिटे हुंगत राहिली. कुत्री मंद आहे का, जास्त ताकदीचा दिवा घ्यावा का, आणि मित्राच्या मुरलेल्या कुत्र्याबरोबर तिला सोडले तर ती शिकेल का, असे तीन प्रश्न त्यांनी विचारले आहेत.

मी गेली 20 वर्षे श्रॉपशरमध्ये राहतो. नोकरी वेगळीच आहे, पण हिवाळ्याच्या रात्री तीन शेतांवरच्या सशांचा बंदोबस्त माझ्याकडे असतो आणि त्या निमित्ताने चार लर्चर हाताखालून गेल्या आहेत. ज्यांना हा शब्द नवा असेल त्यांच्यासाठी सांगतो की लर्चर ही जात नव्हे. ग्रेहाउंड किंवा व्हिपेटसारखे नजरेने धावणारे कुत्रे आणि कोली किंवा टेरियरसारखे कामाचे कुत्रे यांच्या संकराला इकडे लर्चर म्हणतात. वेग एकाकडून यावा आणि अक्कल दुसऱ्याकडून, अशी त्यामागची अपेक्षा असते. लातूरकडे कारवानी जातीची शिकारी कुत्री पाहिलेल्यांना लर्चरची अंगकाठी ओळखीची वाटेल.

तुमच्या पत्रातले एक वाक्य मी तीनदा वाचले. तुम्ही लिहिता की एक ससा नांगरलेले अख्खे शेत ओलांडून गेला, कुत्री त्याच्यामागे दोन-तीन मिनिटे होती आणि परत आली तेव्हा तिला उभे राहवत नव्हते. माझ्या मते तुमची खरी अडचण या वाक्यात आहे, कारण तो प्राणी तुम्ही समजता तो नसावा. मराठीत आपण दोघांनाही ससाच म्हणतो, पण इंग्लंडमध्ये रॅबिट आणि हेअर हे दोन वेगळे प्राणी आहेत आणि कायद्याच्या दृष्टीने तर फारच वेगळे आहेत. रॅबिट बिळात राहतो, बिळापासून आणि झाडीच्या कुंपणापासून फार दूर चरत नाही आणि बिथरला की सरळ तिकडेच पळतो. त्याची धाव बहुतेक वेळा दहा सेकंदांच्या आत संपते. हेअर उघड्यावर, जमिनीतल्या उथळ खळग्यात बसतो. त्याला पळून जायला बीळ नसते, म्हणून तो मोकळे रान धरतो आणि ताशी 70 किलोमीटरपर्यंत वेग घेऊ शकतो. दोन-तीन मिनिटे उघड्या नांगरटीवर पळत राहिला तो हेअरच असणार.

आता कायद्याचे पाहू. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2004 च्या हंटिंग ॲक्टने कुत्र्यांच्या साहाय्याने वन्य सस्तन प्राण्यांची शिकार करण्यास बंदी घातली. त्यातून घुशीसारखे मोठे उंदीर (रॅट) आणि रॅबिट यांना सूट आहे, पण जमीन तुमची असेल किंवा मालकाची परवानगी असेल तरच. हेअरला ही सूट नाही, आणि शेतकऱ्याची परवानगी खिशात असली तरी ती तुम्हाला मिळत नाही. त्यातून तुम्ही राहता ते लिंकनशर, म्हणजे सपाट आणि मोकळ्या शेतांचा मुलूख, जिथे हेअर भरपूर आहेत आणि जिथले पोलीस त्यांच्या बेकायदा शिकारीविरुद्ध ‘ऑपरेशन गॅलिलिओ’ नावाची मोहीम चालवतात. परक्याच्या जमिनीत हेअरमागे कुत्रे घेऊन शिरणाऱ्यांची शिक्षा 2022 च्या कायद्याने 6 महिन्यांच्या कैदेपर्यंत नेली आणि कुत्रा पाळण्यास मनाई करण्याचा अधिकारही न्यायालयांना दिला. तुमचा हेतू तसा नाही हे मला कळते. पण रात्री शेतात दिवा, गाडी आणि लर्चर दिसली की लांबून बघणाऱ्याला तुमचा हेतू दिसत नाही. म्हणून परवानगी लेखी घ्या, जाण्याआधी दर वेळी शेतकऱ्याला फोन करा आणि गाडीचा नंबर त्याच्याकडे देऊन ठेवा. फोनचे दुसरे आणि जास्त महत्त्वाचे कारण असे की त्याच रात्री त्याच शेतात कोणी रायफल घेऊन कोल्ह्यासाठी बसलेला असू शकतो. स्कॉटलंडचे नियम निराळे आणि कडक आहेत, म्हणून इथले सांगणे तिकडे लागू धरू नये. आणि गावाकडे कोणी हे वाचत असेल तर, भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली सशाची शिकार हा गुन्हा आहे, मग कारवानी कितीही चपळ असो.

दिव्याच्या झोतात हे दोन प्राणी वेगळे ओळखता येतात, पण सवय लागते. रॅबिट आखूड आणि गोलसर दिसतो, पळताना त्याच्या शेपटीचा पांढरा भाग गोंड्यासारखा हलताना दिसतो. हेअर अंगाने जवळपास दुप्पट, पाय लांब, कानांची टोके काळी, आणि शेपटीची वरची बाजूही काळी. डोळे पाहून ओळखण्याची घाई मात्र करू नका. रॅबिटचा डोळा झोतात लालसर चमकतो आणि डोळे डोक्याच्या बाजूंना असल्यामुळे बहुधा एकच ठिपका दिसतो. मेंढीचे डोळे हिरवट चमकतात आणि दोन्ही दिसतात. पण हेअर आणि रॅबिट यांच्यात नुसत्या डोळ्यावरून फसायला होते. माझा नियम साधा आहे. अंगाची ठेवण दिसल्याशिवाय, आणि जवळ बीळ किंवा कुंपण असल्याशिवाय, पट्ट्यावरचे बोट सैल करायचे नाही. यापुढे मी ससा म्हणेन तेव्हा रॅबिटच समजावा.

आता कुत्री मंद आहे का, हा प्रश्न. ग्रेहाउंडचे रक्त असलेली कुत्री सशापेक्षा मंद असणे जवळजवळ अशक्य आहे. ती हरते आहे ती अंतरामुळे, आणि हे अंतर तुम्ही ठरवता. समजा ससा तुमच्यापासून 60 मीटरवर आहे आणि त्याच्या पलीकडे 30 मीटरवर कुंपण आहे. तो सेकंदाला साधारण 10 मीटर पळाला तर तीन सेकंदांत कुंपणात शिरतो. तुमच्या कुत्रीला उभ्या जागेवरून, ओल्या गवतावर, 90 मीटर कापायचे आहेत. तिला त्यासाठी सात सेकंद लागतील, आणि जगातल्या सर्वांत वेगवान ग्रेहाउंडलाही तीन सेकंदांत ते जमणार नाही. अशा धावा तिला तीस वेळा दिल्या तर ती एवढेच शिकते की ससा पळतो आणि नाहीसा होतो. भुंकणे तिथून येते. दिसणारी गोष्ट हाती लागत नाही आणि मालक काही करत नाही, ही चरफड ती तोंडाने काढते. काही वंशांत हे उपजतच असते आणि तिथे उपाय कमी पडतात, पण तुमच्या कुत्रीला पहिल्या तीन रात्री ही खोड नव्हती, म्हणून मला आशा आहे. अंधारात हुंगत फिरणे हेही तसेच. डोळ्यांनी जमले नाही, म्हणून ती नाकाने प्रयत्न करते आहे.

यावरून दिव्याचे उत्तरही निघते. नवीन, जास्त ताकदीचा दिवा घेतलात तर तुम्हाला 200 मीटरवरचे ससे दिसू लागतील आणि तुम्ही तिला 200 मीटरवरून सोडाल. मी ही चूक केली आहे. पूर्वी आम्ही शिशाची 12 व्होल्टची बॅटरी खांद्याला अडकवून हिंडत असू. तिचे ओझे इतके होते की लांबच्या सशाकडे पाहण्याचाही कंटाळा यायचा. हलका एलईडी दिवा आला त्या हिवाळ्यात माझ्या तेव्हाच्या कुत्रीच्या फुकट धावा वाढल्या, आणि त्याचा दोष मी जानेवारीपर्यंत तिच्या पायांना देत होतो. ज्याचा उजेड कमी-जास्त करता येतो असा साधा दिवा पुरे आहे.

मित्राच्या कुत्र्याबद्दल मतभेद आहेत हे मान्य करतो. मुरलेल्या कुत्र्यामागे धावून शिकलेली पिल्ले असतात, आणि शिकवणारी माणसेही असतात. माझा अनुभव उलट आहे. तरुण कुत्री सशाऐवजी दुसऱ्या कुत्र्याकडे बघू लागते, ससा पकडणे हे त्याचे काम आणि मागे धावणे हे आपले, अशी वाटणी करून घेते, आणि एकाच सशावर दोन वेगवान कुत्री दोन बाजूंनी आली की टक्कर होते. अंधारात त्या वेगाने झालेल्या टकरीत मान मोडलेली ऐकली आहे. जुन्या कुत्र्याला पट्ट्यावर धरून तरुण कुत्रीला दिव्याची सवय लावता येते, एवढाच त्याचा उपयोग मी करतो.

मग करायचे काय? सर्वांत आधी, निदान आठ आठवडे रात्री जाणे बंद. कोलीच्या मिश्रणाची, त्या बांध्याची कुत्री 11 महिन्यांत वाढलेली दिसते, पण हाडांच्या टोकांची वाढ पूर्ण व्हायला वर्ष, आणि मोठ्या बांध्यात त्याहून जास्त लागते. मनानेही ती अजून पिल्लूच आहे. काही कुत्री 12 महिन्यांत तयार होतात, काहींना दीड वर्ष लागते. तुमची कशी आहे ते मला इथून सांगता येणार नाही, पण जिने नुकतीच भुंकायची खोड उचलली आहे तिच्या बाबतीत मी उशिराच्या बाजूला राहीन.

हे आठ आठवडे रिकामे नाहीत. परत येणे हे शिकारीपेक्षा आधी शिकवायचे असते, आणि ते घरामागच्या अंगणात शिकवता येते. सशाचे वाळवलेले कातडे गुंडाळलेली पिशवी दिवसा फेकून आणायला लावा. ती बिनचूक जमली की संध्याकाळी तेच दिव्याच्या झोतात करा. पिशवी झोतात टाका, कुत्री सोडा, तिने उचलताच झोत खाली घेऊन आपल्या पायांशी आणा आणि गुडघ्यांवर बसा. उजेड पायांशी आला म्हणजे इकडे यायचे, हे तिच्या अंगात मुरले पाहिजे. मधूनमधून काहीच न टाकता सोडा, लगेच दिवा मालवा, हळू शीळ घाला आणि आली की तिच्या आवडीचा तुकडा द्या. दिवा मालवणे म्हणजे खेळ संपला असे तिला वाटता कामा नये. दिवा मालवला की मालकाकडे काहीतरी चांगले मिळते, असे वाटले पाहिजे. तुमच्या पत्रावरून दिसते की तुम्ही दिवा मालवून तिला ओरडून बोलावत होता. रागावलेल्या आवाजाकडे अंधारातून धावत येण्यासारखे त्यात तिला काय होते?

याच काळात मेंढ्यांचे काम पूर्ण करा. शेतकऱ्याच्या परवानगीने दिवसा, पट्ट्यावर, मेंढ्यांमधून रोज फिरवा, त्यांच्याकडे रोखून पाहिले तरी कडक शब्द द्या. रात्री मेंढीच्या मागे लागलेल्या कुत्र्याला शेतकरी गोळी घालू शकतो, आणि परवानगी तर त्याच क्षणी जाते.

आणि दिवसा शेत पायाखाली घाला. याबद्दल मला थोडे लांब सांगायचे आहे, कारण माझ्या दुसऱ्या कुत्रीच्या छातीवर इतकी लांब खूण होती की हात फिरवताना बोटाला लागायची. मी ते शेत ओळखत होतो, म्हणजे ओळखतो असे मला वाटत होते. मधल्या आठवड्यात शेतकऱ्याने चराई वाटून घेण्यासाठी एक काटेरी तार आडवी ओढली होती. ससा तारेखालून गेला, कुत्री तारेत गेली. तिचा आवाजही आला नाही. झोतात फक्त तार हलताना दिसली आणि मग कुत्री माझ्याकडे चालत येताना दिसली, धावत नव्हे. घरी आणून जखम धुतली तेव्हा कातडीचा पदर उघडून आतले स्नायू दिसत होते. त्या रात्री तातडीच्या दवाखान्यात 19 टाके पडले. तेव्हापासून ज्या दिवशी रात्री जायचे त्याच दिवशी दुपारी मी शेताला फेरी मारतो. तारा, जुने नांगराचे फाळ, चर, कुंपणाचे तुटके खांब, सगळे बघतो, आणि जिथे शंका वाटते त्या बाजूला कुत्री सोडत नाही.

आतापर्यंतचे एवढे लक्षात राहिले तरी पुरे: हेअरपासून लांब राहणे, तिचे वय वाढू देणे, परत येणे पक्के करणे आणि शेत दिवसा पाहणे. पुढचे सगळे यानंतरचे आहे.

पहिली रात्र निवडताना चोखंदळ राहा. चंद्र नसलेली, ढगाळ, वाऱ्याची आणि जमल्यास भुरभुर पावसाची रात्र हवी. वाऱ्याने तुमच्या पावलांचा आवाज झाकला जातो, काळोखात ससा कुंपणापासून जास्त लांब चरतो आणि झोत पडल्यावर पळण्याऐवजी दबून बसण्याचा संभव वाढतो. चांदण्याच्या शांत रात्री मी घरी बसतो. वारा तोंडावर घेऊन चाला, आणि जमेल तिथे कुंपणाच्या कडेने जाऊन सशाच्या आणि कुंपणाच्या मध्ये या. म्हणजे तो पळाला तर मोकळ्या शेताकडे पळेल किंवा तुमच्या बाजूला वळेल, आणि वर मांडलेले सेकंदांचे गणित कुत्रीच्या बाजूने फिरेल. वारंवार दिवा पाहिलेले ससे मात्र झोत दिसताच पळतात. तुमच्या शेतात पाच रात्रींत तीस धावा झाल्या आहेत, तेव्हा तिथले ससे आता शहाणे झाले असणार. पहिल्या रात्रीसाठी दुसरे शेत मिळाले तर बघा.

तिला द्यायचा पहिला ससा दबून बसलेलाच हवा. माझ्या आताच्या कुत्रीचा पहिला ससा अजून डोळ्यांसमोर आहे. डिसेंबरची रात्र, मेंढ्यांनी कुरतडलेले आखूड गवत, आणि काटेरी रोपांच्या बुंध्याशी एक ओला, मातकट गोळा, कान पाठीला चिकटवलेला, त्यात एक लाल ठिपका. मी 15 पावलांवर थांबलो. पट्ट्याचे एक टोक बोटाला अडकवलेले होते आणि त्यातून तिचा थरथराट माझ्या मनगटापर्यंत येत होता. तिला ससा दिसला आहे की ती नुसती मला बघून तापली आहे, हे कळेपर्यंत मी हललो नाही. मग तिचे कान पुढे आले, मान ताठ झाली आणि थरथर थांबली. तेव्हा बोट सोडले. हा थांबण्याचा क्षण तुमच्या पाच रात्रींत आला नसावा असा माझा अंदाज आहे. कुत्री जोर करते म्हणून आपण सोडतो, आणि तिने अजून काही पाहिलेलेच नसते.

धाव सुरू झाली की झोत सशावर ठेवा, कुत्रीवर नको. ससा हुलकावणी देऊन तुमच्याकडे वळला तर झोत लगेच खाली घ्या, नाहीतर कुत्रीच्या डोळ्यांवर प्रकाश जाऊन ती आंधळी धावेल. ससा कुंपणात गेला की दिवा ताबडतोब मालवा, पुढे शोधू देऊ नका. तिने पकडला तर झोत पायांशी, गुडघ्यांवर बसणे, आणि गप्प राहणे. ती आली की आधी तिला कुरवाळा आणि ससा तिच्या तोंडात थोडा वेळ राहू द्या. हिसकावून घेतला तर पुढच्या वेळी ती दहा पावलांवर थांबेल किंवा तिथेच खात बसेल. जिवंत असलेला ससा हातात येताच त्याची मान मोडून तत्काळ संपवावा लागतो, आणि हे काम कोणा जाणत्याकडून प्रत्यक्ष शिकून घेतल्याशिवाय एकट्याने जाऊ नये. डोळे सुजलेला, दिवा पाहूनही न हलणारा ससा दिसला तर तो मिक्सोमॅटोसिसचा रोगी समजा. हा रोग 1953 मध्ये ब्रिटनमध्ये आला आणि अजून आहे. कुत्र्याला तो होत नाही, पण असा ससा शिकवणीला उपयोगाचा नाही. त्याला स्वतःच्या हाताने संपवून वेदनेतून सोडवा.

पहिल्या महिन्यात रात्री तीन धावा, त्याहून एकही जास्त नाही. दोन सशांनंतर ती अजून उड्या मारत असली तरी घरी चला. तिला आणखी हवे असतानाच थांबणे मला सर्वांत जड जाते, आणि सर्वांत जास्त फळ त्यानेच दिले आहे. प्रत्येक धावेनंतर धाप ओसरेपर्यंत चालवा, थोडे-थोडे पाणी द्या, वारा असेल तर अंगावर कोट घाला. घरी आल्यावर चारही पावले कोमट पाण्यात धुऊन बोटांच्या मधल्या जागा, नखे आणि मनगटामागची गादी तपासा. धसकटांच्या शेतात तिथे हमखास चिरा पडतात. दुसऱ्या दिवशी मागचा भाग आखडलेला दिसला आणि लघवी काळसर-तांबडी झाली तर अतिश्रमाने स्नायू फुटले आहेत असे समजून त्याच तासाला दवाखाना गाठा. तुमची कुत्री त्या हेअरमागून आली तेव्हा तिला उभे राहवत नव्हते, म्हणून हे मुद्दाम लिहितो. त्यानंतरच्या दोन दिवसांत तिच्या लघवीचा रंग कसा होता ते आठवून पाहा, आणि जरा जरी शंका वाटली तरी पुढच्या तपासणीत तिच्या डॉक्टरांना त्या रात्रीबद्दल सांगा.